निर्लोम मनुष्य आणि त्याचे कथाकार

इलेन मॉर्गन या वेल्श लेखिकेचें ‘द डिसेंट ऑफ वूमन’ हें पुस्तक १९७२ सालीं प्रसिद्ध झालें. मीं तें एम्. ए. च्या वर्गांत असतांना प्रथम वाचलें आणि एका बैठकींत संपविलें. पुढें स्वतः शिकवूं लागल्यावर जोरकस इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून त्यांतील उतारे मी वर्गांत वाचून दाखवीत असें. आणि उतारा संपला म्हणजे, ‘मनुष्याचे पूर्वज एके काळीं पाण्यांत राहत होते व त्यामुळेंच त्याच्या अंगावरचे केस गेले, असें आतां शास्त्रज्ञ मानतात’, असें एक वाक्य पदरचें जोडून देत असें. हें वाक्य कित्येक वर्षें बिनबोभाट चाललें. एके वर्षीं मागच्या बांकावरील एका विद्यार्थिनीनें उभें राहून विचारलें, ‘सर, पण पाणमांजराच्या अंगावर तर दाट केस असतात ना?’ मला उत्तर देतां आलें नाहीं. घंटा झाली म्हणून सुटलों.

त्या दिवसापासून हा विषय मीं जमेल तसा वाचला. मी प्राणिशास्त्राचा मनुष्य नव्हे. माझा धंदा पुस्तकें वाचण्याचा व तीं बरीं कीं वाईट हें सांगण्याचा. तथापि या विषयांत वाङ्मयाच्या टीकाकारालाहि थोडें बोलण्याचा अधिकार आहे असें माझें मत झालें आहे. कारण मनुष्य निर्लोम कां झाला या प्रश्नावर गेल्या दीडशें वर्षांत जें लिहिलें गेलें, त्यांतील बराच भाग प्रमाणांपेक्षां कथनाच्या बळावर उभा आहे. आणि आमच्या सुशिक्षित घरांतून याच कथा ‘शास्त्र असें म्हणतें’ या मथळ्याखालीं मुलांना सांगितल्या जातात. मीं स्वतः त्या सांगितल्या आहेत.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. मनुष्य निर्लोम आहे हें म्हणणेंच मुळीं ढोबळ आहे. आपल्या अंगावर केसांचीं मुळें सुमारें पन्नास लक्ष आहेत. पैकीं डोक्यावर साधारण एक लक्ष. अंगाच्या तितक्याच जागेंत चिंपँझीला जितकीं मुळें असतात, त्यांहून आपलीं फारशीं कमी भरत नाहींत. भेद संख्येचा नसून जाडीचा व लांबीचा आहे. जेथें त्याला राठ, काळे केस आहेत, तेथें आपल्याला लव आहे. १९६० नंतर जें कांहीं ‘केस गेले’ म्हणून लिहिलें गेलें, तें सारें ‘केस बारीक झाले’ असें वाचलें पाहिजे. २०२२ सालीं ६२ सस्तन प्राण्यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. तिचाहि रोख असाच आहे कीं, केस निर्माण करण्याची सामग्री मनुष्यापाशीं अजून बहुतांशीं आहे, मात्र ती केव्हां व किती वापरावी या आज्ञा बदलल्या आहेत. याच्या उलट, घामाच्या ग्रंथींच्या बाबतींत मात्र मनुष्य व चिंपँझी यांच्यांत खरोखरच संख्येचें अंतर आहे. त्याच्या दहापट दाट अशा वीस ते चाळीस लक्ष ग्रंथि आपल्या त्वचेंत आहेत.

येथें थोडें विषयांतर करतों. आपल्या साहित्यशास्त्रानें जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यांत स्वेद, रोमांच, वैवर्ण्य व अश्रु हे चार आहेत. भावना आवरतां येत नाहीं तेव्हां ती कातडीवर उमटते, हें आपल्या नाट्याचार्यांनीं ओळखलें होतें. चिंपँझी रागावला म्हणजे त्याचे केस उभे राहून तो दुप्पट मोठा दिसतो. आपल्या अंगावर तोच स्नायु अजून इमानानें आपलें काम करतो, परंतु उभें करावयाला त्याच्या हातीं केवळ लव उरली आहे. काव्यांतील रोमांच म्हणजे गेलेल्या केसांची अशी एक सलामी आहे. डार्विननें १८७२ सालच्या भावनांवरील ग्रंथांत केस उभे राहण्याचा विचार पुष्कळ विस्तारानें केला आहे. असो.

या प्रश्नाला तोंड फोडणारांत डार्विन व वॉलेस हे दोघे प्रमुख. आणि नैसर्गिक निवडीचा सिद्धांत ज्या दोघांनीं एकाच वेळीं जगापुढें मांडला, त्यांचेंच या ठिकाणीं फाटलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. दोघांचाहि आरंभ एकाच विधानापासून होतो: केस जाण्यानें मनुष्याचें नुकसानच झालें. ऊन भाजतें, पाऊस झोडपतो, थंडी बोंचते. वॉलेसनें १८७० सालच्या आपल्या निबंधसंग्रहांत विशेष भर पाठीवर दिला. इतर जनावरांच्या पाठीवर केस सर्वांत दाट असतात, कारण पाऊस तेथेंच पडतो. मनुष्याची पाठ मात्र सर्वांत उघडी, आणि अगदीं रानांतील लोकसुद्धां कांहींतरी पाठीवर घेतात. कोंकणांत भातलावणीच्या वेळीं इरलें घेऊन वांकलेल्या माणसांची रांग ज्यानें पाहिली आहे, त्याला या निरीक्षणाचें मर्म सांगावयास नको. परंतु यावरून वॉलेसनें काढलेलें अनुमान असें कीं, ज्या अर्थीं हें निसर्गाच्या निवडीनें होणें शक्य नाहीं, त्या अर्थीं कोणा श्रेष्ठ बुद्धीनें मनुष्याच्या घडणींत हात घातला असला पाहिजे. डार्विनला हें रुचलें नाहीं. १८७१ त त्यानें उत्तर दिलें कीं, केस गेले ते उपयोगासाठीं नव्हेत, शोभेसाठीं गेले. जोडीदार निवडतांना नितळ अंग आवडूं लागलें, प्रथम स्त्रियांचें व मग त्यांच्या वारशानें दोघांचेंहि.

डार्विनची ही उपपत्ति खोडून काढतां येत नाहीं, आणि हेंच तिचें वैगुण्य आहे. आवड हें असें कारण आहे कीं त्यानें वाटेल तें सिद्ध होतें. सिंहाला आयाळ आवडली, मनुष्याला नितळपणा आवडला. पण त्यालाच कां आवडला, हा प्रश्न जेथल्या तेथें राहतो. मात्र एकदां केस दुसऱ्या कांहीं कारणानें कमी होऊं लागल्यावर आवडीनें त्या वाटेवर घाई केली असेल, एवढें मानण्यास हरकत नाहीं.

टॉमस बेल्ट हा निकाराग्वांतील खाणींवर काम करणारा इंग्रज इंजिनियर. त्यानें १८७४ त आपल्या प्रवासवर्णनांत सुचविलें कीं, उष्ण प्रदेशांत गोचीड व तत्सम किडे यांच्या त्रासापासून उघडें अंग बचावतें. अंगावर गोचीड घेऊन हिंडलेल्या माणसाचें हें म्हणणें आहे, पुस्तकांतून स्फुरलेलें नव्हे, हें वाचतांना जाणवतें. डार्विननें त्याला थोडक्यांत वाटेला लावलें: तसें असतें तर उष्ण कटिबंधांतील इतर चतुष्पादांनींहि कांहीं उपाय केला असता. पुढें १३० वर्षांनीं, २००३ सालीं, पेजेल व बॉडमर या दोन शास्त्रज्ञांनीं हीच कल्पना नव्यानें मांडली व डार्विनच्या आक्षेपाला उत्तर दिलें कीं, अग्नि, निवारा व वस्त्रें हीं मनुष्यापाशींच होतीं, म्हणून केस सोडणें त्यालाच परवडलें. युक्तिवाद चतुर आहे. यांतील वस्त्रांकडे मी पुढें येईन.

आतां मुख्य पुस्तकांकडे वळतों. डेस्मंड मॉरिस यांचें ‘द नेकेड एप’ १९६७ त निघालें. लेखक प्राणिशास्त्रज्ञ, लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत काम केलेले, आणि लेखणी अत्यंत चलाख. त्यांच्या कथेंत एक शिकारी पुरुष आहे. तो झाडावरून उतरून मैदानांत आला, सावजामागें धांवूं लागला, तापला, आणि अंग थंड ठेवण्यासाठीं केस टाकून बसला. स्त्री गुहेपाशीं मुलें संभाळीत राहिली. तिची त्वचा कोमल झाली ती दमून आलेल्या पतीला धरून ठेवण्यासाठीं. साठाच्या दशकांतील एखाद्या इंग्रज उपनगरांतील कुटुंब कातडीं पांघरून आफ्रिकेंत नेऊन बसवावें, तसें हें चित्र आहे. पति कामावर, पत्नी घरीं. पुस्तक वाचतांना तें ध्यानांत येत नाहीं, कारण वाक्यें इतक्या आत्मविश्वासानें पडतात कीं वाचकाला ‘कशावरून?’ असें विचारण्यास सवड सांपडत नाहीं.

मॉर्गनबाईंनीं ती सवड काढली. या बाई दक्षिण वेल्समधील खाणींच्या मुलखांतल्या, जन्म १९२०. ऑक्सफर्डला इंग्रजी वाङ्मय शिकलेल्या, आणि बी. बी. सी. साठीं नाटकें लिहून संसार चालविलेल्या. प्राणिशास्त्राची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. पण एक गृहिणी व एक नाटककार या दोन्ही नात्यांनीं त्यांना ताबडतोब दिसलें कीं या नाटकांत एक पात्र लिहिलेंच गेलेलें नाहीं. त्यांचा प्रश्न इतका सरळ आहे कीं तो तोंपर्यंत कोणा प्राध्यापकाला सुचूं नये याची लाज वाटते. उन्हांत धांवला पुरुष, तापला पुरुष. मग केस अधिक गेले ते घरीं बसलेल्या स्त्रीचे कसे? मॉरिसांची सबंध इमारत या एका प्रश्नानें हादरते. त्या पुस्तकाचें पहिलें प्रकरण हें खंडनात्मक गद्याचा उत्कृष्ट नमुना आहे. राग आहे, पण तो विनोदांत विरघळविलेला आहे. प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं त्याच्याच शब्दांत नीट मांडलें आहे, आणि मग एका साध्या घरगुती उदाहरणानें तें पाडलें आहे.

खंडन संपतें आणि मंडन सुरू होतें, तेथें मात्र माझ्यासारख्या वाचकाची फसगत होते. मंडनासाठीं मॉर्गनबाईंनीं आधार घेतला तो ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक अ‍ॅलिस्टर हार्डी यांच्या एका सूचनेचा. हार्डी समुद्रांतील जीवसृष्टीचे मोठे अभ्यासक. मनुष्याच्या कातडीखालीं चरबीचा थर आहे, तो देवमाशालाहि आहे. मनुष्य निर्लोम आहे, देवमासाहि निर्लोम आहे. तेव्हां आपले पूर्वज कांहीं काळ किनाऱ्यावरच्या पाण्यांत शिंपले, खेकडे वेंचीत राहिले असतील काय, अशी शंका त्यांना १९३० च्या सुमारास आली. ती त्यांनीं तीस वर्षें मनांत ठेवली व १९६० त ब्रायटन येथील पाणबुड्यांच्या एका सभेंत बोलून दाखविली. हार्डींनीं प्रश्नचिन्ह घातलें होतें. मॉर्गनबाईंनीं तें काढून टाकलें. त्यांच्या हातीं ती शंका एक कादंबरी झाली: दुष्काळ पडला आहे, रानें आटलीं आहेत, मागें श्वापद लागलें आहे, कडेवर मूल आहे, आणि समोर समुद्र. आई पाण्यांत शिरते. श्वापद कांठावर थांबतें. या प्रसंगानें वाचक जिंकला जातो. त्यानंतर केसांची दिशा, अश्रूंचा खारेपणा, बाळाचें पोहणें, जें जें पुढें येईल तें तें त्याला पुरावा वाटूं लागतें.

आतां त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. पाण्यांत राहणारे म्हणून जे सस्तन प्राणी आहेत, त्यांपैकीं निर्लोम कोण? देवमासे व पाणघोडे. म्हणजे एक तर पाण्याबाहेर कधींच न येणारे, नाहीं तर प्रचंड देहाचे. मनुष्याच्या आकाराचे किंवा त्याहून लहान असे पाणमांजर, बीव्हर, सील हे सारे केसाळ आहेत. समुद्रांतील पाणमांजराची लोंकर तर सर्व प्राण्यांत दाट. आपल्या सबंध डोक्यावर जितके केस, त्यांहून अधिक त्याच्या अंगावर एका चौरस सेंटिमीटरांत असतात. लहान प्राण्याला पाण्यांत ऊब राखावयाची तर केस हवेतच. शिवाय हत्ती व गेंडा जमिनीवर राहून निर्लोम आहेत; आणि आफ्रिकेंतील एक उंदीर तर जन्मभर बिळांत राहून निर्लोम आहे. चरबीची गोष्टहि तशीच. कॅरोलाइन पाँड या विदुषीनें दाखविलें कीं, आपली चरबी ज्या ठिकाणीं सांचते त्याच ठिकाणीं ती पिंजऱ्यांत बसून लठ्ठ झालेल्या माकडांनाहि सांचते. देवमाशासारखें सर्वांगाला गुंडाळलेलें तें पांघरूण नव्हे.

पण टीकाकार म्हणून मला याहून मोठा दोष दुसराच दिसतो. १९७२ त ही कथा भूस्तरांतील एका रिकाम्या जागेंत घडत होती; ऐंशी नव्वद लक्ष वर्षांपासून चाळीस लक्ष वर्षांपर्यंत मनुष्यवंशाचे अवशेष त्या वेळीं जवळजवळ नव्हतेच. जेथें पुरावा नाहीं तेथें समुद्र ओतणें सोपें होतें. पुढें दुष्काळ मागें पडला आणि इथिओपियांतील अफार प्रदेश समुद्रानें वेढला गेला असें नवें कथानक आलें. मग १९९४ त आर्डिपिथेकस जाहीर झाला, वय सुमारें चव्वेचाळीस लक्ष वर्षें, आणि त्याच्याभोंवतीं निघाले ते झाडीचे अवशेष; २००० सालीं केनियांत साठ लक्ष वर्षांपूर्वींचीं हाडें सांपडलीं; २००२ त चाडमधील सत्तर लक्ष वर्षांपूर्वींची कवटी प्रसिद्ध झाली. रिकामी जागा भरत गेली तसतसा समुद्र मागें सरत गेला. जी कथा दरवेळीं स्थळ व काळ बदलूनहि तशीच शाबूत राहते, ती प्रमाणांना उत्तर देत नसते.

मॉर्गनबाईंवर अन्याय झाला हेंहि तितकेंच खरें आहे. त्या बाईमाणूस, त्यांतून नाटकें लिहिणाऱ्या. तेव्हां कित्येकांनीं त्यांचें पुस्तक न वाचतांच बाजूला टाकलें. १९८७ त हॉलंडमध्यें वाल्केनबर्ख येथें एक परिषद भरून त्यांच्या मताची रीतसर परीक्षा झाली, ती पुस्तक निघाल्यानंतर पंधरा वर्षांनीं. आणि त्यांचें खंडन अखेर खरें ठरलें. मनुष्य प्रथम उघड्या माळरानावर येऊन मनुष्य झाला हें जुनें मत, दक्षिण आफ्रिकेचे थोर संशोधक फिलिप टोबायस यांनीं १९९५ त लंडन येथील व्याख्यानांत स्वतःच सोडून दिलें. पण एकाची चूक दाखविल्यानें दुसऱ्याचें म्हणणें बरोबर ठरत नाहीं, हें आपण वादसभेंत मुलांना शिकवितों आणि पुस्तक वाचतांना स्वतः विसरतों. मी तर पंधरा वर्षें विसरलों होतों.

मग आज काय मानावें? सर्वांत अधिक आधार आहे तो घामाच्या उपपत्तीला. पीटर व्हीलर या इंग्रज शास्त्रज्ञानें १९८४ पासून ती गणितानें मांडली. एक लिटर घाम सुकला तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दाट केसांत तो कातडीपासून दूर सुकतो व लाभ कमी होतो. ताठ उभ्या मनुष्याच्या अंगावर भर दुपारीं ऊन कमी पडतें, फक्त डोकें व खांदे भाजतात. म्हणून डोक्यावर केस राहिले. या शेवटच्या गोष्टीची २०२३ त परीक्षा झाली: तापविलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर निरनिराळे टोप घालून पाहिलें, तेव्हां कुरळ्या केसांनीं ऊन सर्वांत चांगलें अडविलें. घामाच्या ग्रंथि वाढविणारे बदल एका जनुकाजवळ मनुष्याच्याच वंशांत सांचत गेले, असेंहि २०२१ त दिसून आलें. या कथेचा गुण हा कीं ती खोटी ठरूं शकली असती. पुतळ्याचें डोकें उलट उत्तर देऊं शकलें असतें.

तरीहि ती निर्दोष आहे असें मी म्हणणार नाहीं. रसेल न्यूमन यांनीं १९७० सालींच दाखविलें होतें कीं उघडी कातडी उन्हांत केसाळ कातडीपेक्षां अधिक उष्णता शोषून घेते, आणि घाम गाळणाऱ्याला सतत पाणी हवें. आणि माथेरानचा चढ चढून आलेल्या घोड्याचें अंग ज्यानें पाहिलें आहे, त्याला केस व घाम एकत्र नांदूं शकतात हें ठाऊक आहे. शिवाय मॉर्गनबाईंचा प्रश्न येथेंहि हात वर करून उभाच राहतो. त्याला एक उत्तर असें देतात कीं कंदमुळें खणणें, पाणी वाहणें, कडेवर मूल घेऊन मैलोगणती चालणें हीं काय सावलींतलीं कामें होतीं? मला हें पटतें. आपल्याकडील रानांतून मोळी घेऊन येणारी बाई पुरुषाहून कमी घामाघूम नसते. पण त्यानें फार तर दोघांची बरोबरी होते. स्त्रीचें अंग पुरुषाहून अधिक नितळ कां, हें सांगावयास पुन्हां डार्विनची आवडच बोलवावी लागते.

काळाविषयीं मात्र आतां कांहीं खुणा हातीं आल्या आहेत, आणि त्या आल्या आहेत अगदीं हलक्यासलक्या साक्षीदारांकडून. चिंपँझीची कातडी केसांखालीं फिकी असते. केस विरळ झाल्यावर ती काळी होणें भाग होतें. अ‍ॅलन रॉजर्स व त्यांचे सहकारी यांनीं २००४ त कातडीच्या रंगाच्या एका जनुकावरून काढलें कीं ही गोष्ट निदान बारा लक्ष वर्षांपूर्वीं झालेली होती. दुसरी साक्ष उवांची. कपड्यांत राहणारी ऊ डोक्यांतील उवेपासून वेगळी झाली, ती २०११ सालच्या गणिताप्रमाणें फार तर एक लक्ष सत्तर हजार वर्षांपूर्वीं. कपडे नसतांना ती राहणार कोठें? म्हणजे दहा लक्ष वर्षें मनुष्य केसांवांचून व कपड्यांवांचून हिंडला. वस्त्रें होतीं म्हणून केस सोडणें परवडलें, या म्हणण्यांतील वस्त्रें येथें गळून पडतात; फार तर अग्नि उरतो. किड्यांची उपपत्ति सर्वथा टाकाऊ मात्र नाहीं. शेफील्ड येथील प्रयोगांत, २०११ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या, असें आढळलें कीं भादरलेल्या हातावरचा ढेकूण उशिरां कळतो, लव असलेल्या हातावरचा लवकर. बेल्टला हें ऐकून आनंद झाला असता: राहिलेली लवहि पहारा करते.

मॉर्गनबाई २०१३ त वारल्या, शेवटपर्यंत आपल्या मताला चिकटून. त्यांचें पुस्तक घरांत असावें असें मी अजूनहि म्हणेन. मॉरिसांचें त्याच्या शेजारीं असावें, म्हणजे पहिल्या प्रकरणाची धार कळेल. ती विद्यार्थिनी पदवी घेऊन केव्हांच गेली आणि तिचें उत्तर द्यावयाचें राहून गेलें. आतां मी वर्गांत ते उतारे वाचतों तेव्हां आई पाण्यांत शिरते तेथें थांबतों, आणि मुलांना विचारतों कीं या आईच्या अंगावरचे केस पाण्यानें कां जावेत. बहुतेक वर्षीं कोणी ना कोणी पाणमांजराचें नांव काढतोच. ज्या वर्षीं काढीत नाहीं, त्या वर्षीं मी काढतों.